सिंहराज अरण्यात आजीबरोबर एक दिवस

श्रीलंकेला जाणारी आपली माणसे बहुधा अनुराधपूरचा बोधिवृक्ष पाहतात, मिहिंतलेच्या पायऱ्या चढतात, कँडीचे दंतविहार पाहून परत येतात. त्या बेटाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात एक फार जुने अरण्य आहे आणि त्यात लहान मुलांपासून म्हाताऱ्या माणसांपर्यंत सगळ्यांना वाटाड्याबरोबर फिरता येते, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. आम्हालाही नव्हते. मुलीच्या शाळेच्या पुस्तकात जागतिक वारशाच्या यादीत 'सिंहराज' हे नाव होते, तेवढ्यावरून तिने हट्ट धरला. २०२४ च्या फेब्रुवारीत आम्ही गेलो ते असे.

आम्ही म्हणजे नवरा-बायको, बारा वर्षांची मुलगी, आठ वर्षांचा मुलगा आणि सदुसष्ट वर्षांची आई. नागपूरहून रेल्वेने चेन्नई आणि तेथून विमानाने कोलंबो. चेन्नईहून कोलंबो दीड तासाच्या आत येते. आईचा हा पहिलाच विमानप्रवास होता. बोधिवृक्षापुढे बसायचे, एवढीच तिची इच्छा होती. संघमित्रेने बुद्धगयेच्या बोधिवृक्षाची फांदी या बेटावर नेली, ही गोष्ट ती आम्हाला लहानपणापासून सांगत आली आहे.

आजीचा नकार

अनुराधपूर झाले. मिहिंतलेलाही ती गुडघे धरत, थांबत थांबत वरपर्यंत चढली. याच टेकडीवर राजा देवानांपिय तिस्स हरणाची शिकार करायला आला होता आणि तिथे त्याला महिंद थेर भेटले, असे महावंस सांगतो. थेरांनी त्याला आधी धम्म सांगितला नाही. समोरच्या आंब्याच्या झाडाबद्दल काही प्रश्न विचारले, राजाची समज पारखली आणि मग बोलले. ही गोष्ट मुलांना फार आवडली. शिकारीला आलेला राजा शिकार न करता परत गेला आणि पुढे त्या टेकडीवर विहार उभा राहिला.

पुढे कँडी. १९५० साली जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब येथे आले होते. आईने त्या गावाची चिमूटभर माती रुमालाच्या टोकाला बांधून घेतली. तिची यात्रा तेथे पूर्ण झाली होती. सिंहराजचे नाव काढल्यावर मात्र तिने साफ सांगितले, "तुम्ही जा लेकराईले घेऊन. माहा अर्धा जलम जंगलातच गेला. आता पैसे देऊन कायले जंगल पाहाचं?"

तिचे म्हणणे खोटे नव्हते. तिचे माहेर गडचिरोली जिल्ह्यात, जंगलाच्या काठावर. वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षापासून ती पहाटे मोळीला जात असे. उन्हाळ्यात तेंदूपत्ता, चैत्रात मोहफूल, पावसाळ्यात दुसऱ्याच्या बांधीत रोवणी. एकदा एका वनरक्षकाने तिच्या आईची कुऱ्हाड हिसकावून घेतली होती आणि ती सोडवायला दोन दिवसांची मजुरी द्यावी लागली होती. आमच्या घरात जंगल म्हणजे डोक्यावरची चुंबळ, पायातला काटा आणि मनातली भीती. मौजेसाठी जंगलात जाणे, ही गोष्ट तिला श्रीमंतांचा चाळा वाटत होती.

आम्ही काही बोललो नाही. नातवानेच तिला सांगितले, "आजी, तू आली नाहीस तर मीपण बसतो तुझ्याजवळ." मग ती उठली.

कुडाव्याची वाट

कँडीहून दक्षिणेला उतरून आम्ही रत्नपुरात आलो. हे गाव नावाप्रमाणे रत्नांचे. भोवतीच्या शेतांत माणसे आजही खड्डे खणून नीलम शोधतात. तेथून कलवाना, वेद्दागल आणि शेवटी कुडावा हे लहानसे गाव. सिंहराजला जाण्याच्या दोन-तीन वाटा आहेत. दक्षिणेकडून देनियाय गावावरूनही जाता येते. मुले व वृद्ध बरोबर असतील तर कुडाव्याची वाट बरी, असे आम्हाला सांगण्यात आले आणि ते खरे ठरले.

कुडाव्यात आम्ही एका घरी उतरलो. घरधनिणीने लाल तांदळाचा भात, वरण, फणसाची भाजी आणि ओल्या खोबऱ्याची तिखट चटणी वाढली. आईने चटणी चाखून पाहिली आणि परत मागितली. परमुलखात तिला भूक लागली, यावरून ती थोडी निवळली हे आम्ही ओळखले.

सिंहराजमध्ये एकट्याने फिरता येत नाही. वनखात्याच्या कचेरीत तिकीट काढावे लागते आणि वाटाड्या बरोबर घ्यावाच लागतो. आमचा वाटाड्या तिशीतला, कुडाव्याचाच रहिवासी. मुलांनी त्याला काय म्हणायचे, असे विचारल्यावर तो हसून म्हणाला, "अय्या." म्हणजे मोठा भाऊ. आईकडे पाहून तो म्हणाला, "आणि या आच्ची." सिंहलीत आजीला आच्ची म्हणतात! मुलगा टाळ्या पिटू लागला. तेव्हापासून मुलांनी वहीत शब्द टिपायला सुरुवात केली. आंब्याला अंब, लेण्याला लेन, गावाला गम. हे शब्द पालीच्या घरातले आणि आपल्या मराठीचेही नातेवाईक. परक्या देशात आजी, आंबा आणि लेणे सापडल्यावर मुलांना तो देश परका वाटेनासा झाला.

निघण्यापूर्वी अय्याने नियम सांगितले. वाट सोडायची नाही. ओरडायचे नाही. पान, फूल, बी, दगड काही उचलायचे नाही. प्लॅस्टिक आत टाकायचे नाही. आणि जळवांना घाबरायचे नाही. जळवांसाठी गुडघ्यापर्यंत येणारे घट्ट विणीचे कापडी मोजे मिळतात. ते त्याने सगळ्यांना बांधून दिले. आईने मोजे पाहून विचारले, "हे कायले?" कारण कळल्यावर ती म्हणाली, "रोवणीत याहून मोठ्या जळवा लागत. कोणी मोजे देल्ले नाही आमाले." आम्ही हे अय्याला इंग्रजीत सांगितले. तो थोडा वेळ आईकडे पाहत राहिला. "माझ्या आईलाही नाही," असे तो म्हणाला.

अरण्याची ओळख

सिंहराज फार मोठे नाही. जागतिक वारसा ठरले तेव्हा त्याची पूर्व-पश्चिम लांबी सुमारे २१ किलोमीटर आणि क्षेत्र सुमारे ८,८६४ हेक्टर होते. सबंध श्रीलंका महाराष्ट्राच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढी. त्या मानाने हे एका तालुक्याहूनही लहान. परंतु सखल भागातले अस्सल वर्षावन श्रीलंकेत एवढ्या सलग तुकड्यात दुसरीकडे उरलेले नाही. १९७८ साली ते युनेस्कोच्या जीवावरण राखीव क्षेत्रांत आले आणि १९८८ साली जागतिक वारसा म्हणून जाहीर झाले. येथील वृक्षांपैकी ६० टक्क्यांहून अधिक जाती श्रीलंकेबाहेर जगात कोठेच आपोआप उगवत नाहीत. या बेटापुरत्याच असलेल्या सस्तन प्राण्यांपैकी आणि फुलपाखरांपैकी निम्म्याहून अधिक जाती या एका अरण्यात सापडतात. जानेवारी ते मार्च हे त्यातल्या त्यात कोरडे महिने. वर्षभरात येथे गडचिरोलीच्या दुपटीहून अधिक पाऊस पडतो.

सिंहराज म्हणजे सिंहांचा राजा. सिंहली लोकांच्या मूळपुरुषाची सिंहाशी जोडलेली दंतकथा आहे, तिचा या अरण्याशी संबंध सांगतात. मुलाने लगेच विचारले, "मग सिंह दिसेल का?" सिंह आता येथे नाही. बिबट्या आहे, पण तो सहसा दिसत नाही. ज्यांना वाघ-सिंह पाहायचे असतील त्यांनी येथे येऊ नये. हे झाडांचे, पाखरांचे, बेडकांचे आणि सरड्यांचे अरण्य आहे. ते पाहायला मान वर करावी लागते किंवा खाली वाकावे लागते.

आत शिरताच उजेड कमी झाला. आपल्याकडे उन्हाळ्यात साग पाने गाळतो आणि जंगल मोकळे होते, सूर्य जमिनीपर्यंत येतो. येथे वर्षभर पानांचे छप्पर. सर्वांत वरची झाडे दीडशे फुटांपर्यंत जातात. त्यांच्याखाली मधली, त्यांच्याखाली लहान. बुंध्यांवर शेवाळ, वेताच्या जाळ्या, दोरखंडाएवढे वेल. पाऊस नसतानाही पाने ठिबकत होती.

अय्याने एका प्रचंड झाडापाशी थांबवले. त्याची मुळे जमिनीवर भिंतीसारखी पसरलेली. मुले त्या भिंतीआड उभी राहिली तर दिसेनात. अय्याने सांगितले, हे झाड साल वृक्षाच्या कुळातले. लुंबिनीत ज्या वृक्षाखाली सिद्धार्थाचा जन्म झाला आणि कुशिनाऱ्यात ज्या जोडवृक्षांखाली तथागतांचे महापरिनिर्वाण झाले, तो साल. येथे एक गंमत आहे. श्रीलंकेच्या विहारांत 'साल' म्हणून जे झाड पूजले जाते, त्याच्या खोडालाच फुले व तोफगोळ्यासारखी फळे लागतात. ते आपण ज्याला कैलासपती म्हणतो ते, मूळचे दक्षिण अमेरिकेतले. खऱ्या सालाची भावंडे मात्र येथे कुणी न लावता उभी आहेत.

थोड्या अंतरावर 'ना' वृक्ष. हा श्रीलंकेचा राष्ट्रीय वृक्ष. १९८६ साली तो जाहीर झाला. त्याची कोवळी पालवी रक्तासारखी लाल असते. पुढे येणारे मैत्रेय बुद्ध याच वृक्षाखाली बोधी प्राप्त करतील, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. हाच आपला नागचाफा. कोकणात आणि गोव्यात तो आढळतो. त्याच्या फुलातले नागकेशर आपल्या मसाल्याच्या डब्यात असते. शास्त्रज्ञ सह्याद्री आणि श्रीलंका मिळून जैवविविधतेचे एकच मोठे केंद्र मानतात. हिमयुगात समुद्राची पातळी खाली गेली की हे बेट आणि भारत जमिनीने जोडले जात. नंतर मध्ये पाणी आले, पण गोतावळा राहिला. आपल्या शेकरूच्या गोत्रातली काळी-पिवळी मोठी खार मुलांनी एका फांदीवर पाहिली, तेव्हा हा गोतावळा त्यांच्या डोळ्यांना दिसला.

सातभाई आणि कोतवाल

एक तासभर फारसे काही दिसले नाही. मुलगा कंटाळू लागला. इतक्यात अय्याने हात वर केला. समोरच्या झाडांत एकदम शेकडो आवाज सुरू झाले. ते सिंहराजचे प्रसिद्ध मिश्र थवे होते. दहा-बारा जातींचे पक्षी एकत्र फिरतात आणि खालपासून शेंड्यापर्यंत झाडे झाडून काढल्यासारखे किडे टिपत जातात. १९८०च्या दशकापासून श्रीलंकेतील अभ्यासक या थव्यांचा अभ्यास करीत आले आहेत. थव्याच्या मध्यभागी असतात नारिंगी चोचीचे सातभाई. आपल्या शेतात कलकल करणाऱ्या सातभाईंचे नातेवाईक. आणि राखण करतो तुरेवाला कोतवाल. शिकारी पक्षी दिसला की कोतवाल इशारा देतो आणि सगळे सावध होतात. गावात कोतवाल दवंडी देतो तशीच ही हाळी. त्याचा फायदा असा की, इतरांनी उडवलेले किडे त्याला आयते मिळतात.

"म्हणजे सगळ्या जातींची पाखरं एकाच पंगतीत जेवतात," मुलगी म्हणाली. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. हे तिला कुणी शिकवले नव्हते.

थव्यामागून निळ्या अंगाचा, तांबड्या डोक्याचा एक लांब शेपटीचा पक्षी आला. हा निळा दयाळ नव्हे, श्रीलंकेचा केहिबेल्ला. तोही फक्त याच बेटावर असतो. त्याने आमच्याकडे पाहिले आणि नापसंती दाखवल्यासारखा ओरडून निघून गेला.

काड्या

आता जी गोष्ट सांगायची, तिच्यासाठी हा लेख लिहिला आहे.

पक्ष्यांच्या नादात आम्ही पुढे गेलो होतो. मागे वळून पाहतो तर आई वाटेच्या कडेला वाकलेली. तिच्या डाव्या काखेत सात-आठ वाळक्या काड्या होत्या आणि ती आणखी एक उचलत होती. तिला स्वतःलाच ते कळले नव्हते. जंगलात चालायचे आणि वाळके सरपण दिसले तर उचलायचे, हे तिच्या हातांना पन्नास वर्षांपासून ठाऊक होते.

अय्या धावतच गेला. "आच्ची, नो, नो," एवढेच तो हळू आवाजात म्हणाला. पण आईने त्याच्या अंगावरचा खाकी सदरा पाहिला आणि तिच्या हातातून काड्या खाली पडल्या. तिने दोन्ही हात जोडले. "चुकलं बाप्पा," ती म्हणाली. आमच्या आईने आमच्यासमोर, नातवंडांसमोर, तिच्या मुलाच्या वयाच्या माणसापुढे असे हात जोडलेले आम्ही कधी पाहिले नव्हते. आम्हाला काय करावे ते सुचेना.

अय्याला मराठी कळत नव्हते, पण जोडलेले हात त्याला कळले. त्याने पटकन तिचे हात धरून खाली केले आणि तो तिच्यासमोर वाटेवरच उकिडवा बसला. त्याने एक ओली, कुजकी फांदी उलटी करून दाखवली. तिच्याखाली बुरशीचे पांढरे धागे, वाळवी, एक गोगलगाय, आणि लालसर पालवी फुटलेले बोटभर रोप. आम्ही एकेक वाक्य आईला मराठीत सांगत गेलो. या अरण्याची जमीन सुपीक दिसते, पण तशी नाही. पाऊस इतका पडतो की मातीतले सत्त्व धुऊन जाते. झाडांचे अन्न मातीत साठलेले नसून पडलेल्या पानांत आणि फांद्यांत असते. ते कुजते, बुरशी ते मुळांपर्यंत पोचवते आणि त्यावर नवे झाड वाढते. येथली वाळकी काडी म्हणजे पुढच्या झाडाची शिदोरी आहे. म्हणून उचलायची नाही.

आईने ते रोप बराच वेळ पाहिले. मग तिने खाली पडलेल्या काड्या एकेक करून जिथून उचलल्या होत्या तिथे ठेवल्या. "असं सांगतलं असतं त ऐकलं असतं," ती म्हणाली. "आमाले कोणी सांगतलं नाही. कुऱ्हाडच हिसकली."

ही वाट कुणी केली?

पुढे बसल्यावर अय्याने दुसरी गोष्ट सांगितली. आम्ही ज्या रुंद, सपाट वाटेने आलो, जिच्यावरून आई आणि मुले आरामात चालली, ती वाट फिरणाऱ्यांसाठी केलेली नव्हती. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने प्लायवुडच्या कारखान्यासाठी येथील झाडे निवडून तोडायला सुरुवात केली. यंत्रे आली, ओंडके वाहून न्यायला रस्ता झाला. लोकांनी विरोध केला, वर्तमानपत्रांत लिहून आले आणि १९७७ साली तोड थांबली. त्याच ओंडक्यांच्या रस्त्यावरून आता माणसे अरण्य पाहायला चालतात. कडेला पुष्कळ ठिकाणी झाडे बारीक आणि जवळजवळ आहेत. ती तोडीनंतर वाढलेली. ज्या उघड्या कडेला ऊन पडते तेथे घटपर्णीचे वेल माजले आहेत. पानाच्या टोकाला पेला, पेल्याला झाकण, आणि आत बुडालेले किडे. मुलगा त्या पेल्यांसमोर पंधरा मिनिटे बसून होता.

अय्याने आणखी सांगितले. इंग्रजांनी १८४० साली पडीक जमिनीचा कायदा करून, ज्या जमिनीवर कुणाचा कागद नाही ती सरकारची ठरवली आणि १८७५ साली या अरण्याचा मोठा भाग राखीव झाला. त्याच काळात, १८७८ साली, आपल्याकडेही इंग्रजांचा वनकायदा आला आणि रानावर जगणारी माणसे आपल्याच रानात चोर ठरली. समुद्राच्या दोन्ही काठांवर एकच कथा. अय्याचे आजोबा कितुलच्या झाडावर चढून रस काढायचे. अरण्य राखीव असल्याने त्यांनाही चोरासारखे यावे लागे.

"कितुल कोणतं?" आईने विचारले. त्याने एका ताडासारख्या झाडाकडे बोट दाखवले. पाने माशाच्या शेपटीसारखी फाटलेली, फुलोरे वेणीसारखे लोंबलेले. आई उठून उभीच राहिली. "हा त गोरगा!"

कोकणात ज्याला भेरली माड म्हणतात, तोच हा. आईच्या माहेरी माडिया शेजारी गोरग्याचा रस काढीत. मग आई आणि अय्या यांचे बोलणे सुरू झाले. आम्ही दुभाषे होतो, पण हळूहळू आमची गरज राहिली नाही. फुलोरा कसा कापायचा, मडके कसे बांधायचे, रस सकाळी कसा आणि दुपारी कसा, हे दोघेही हातांनीच सांगू लागले. गडचिरोलीत त्या रसाची पिण्याची ताडीच होते. येथे ताजा रस आटवून त्याची काकवी आणि गूळ करतात. त्या गुळाला हकुरु म्हणतात; पालीतली सक्खरा, आपली साखर आणि हा हकुरु हे एकाच शब्दाचे तीन अवतार. "आमच्याकडं रस पिऊन माणसं बरबाद झाली," आई म्हणाली. "याईनं गूळ केला. शिकले पाहिजे हे आपण."

अय्याच्या आजोबांना ज्या अरण्यात लपून यावे लागे, तेथे आता नातू सरकारी बिल्ला लावून, पाहुण्यांना घेऊन, सन्मानाने येतो. हा बदल लहान नाही. कुडाव्यातल्या कितीतरी घरांत आता एक वाटाड्या आहे किंवा पाहुण्यांची एक खोली आहे. काठावरच्या माणसाला अरण्यातून भाकर मिळाली, मान मिळाला, तर तो त्याचा चोर राहत नाही, कोतवाल होतो. आपल्याकडे २००६ साली वनहक्क कायदा झाला आणि गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गावाने सामूहिक वनहक्क मिळवून दाखवले. आईच्या आईची कुऱ्हाड त्याच्या कितीतरी आधीच गेली होती. असो.

तथागतांनी भिक्खूंना झाडे-वेली तोडण्यास मनाई केली, हे विनयात आहे. आणि संयुक्त निकायातल्या वनरोप सुत्तात वने लावणाऱ्यांचे, पूल बांधणाऱ्यांचे, पाणपोया व विहिरी करणाऱ्यांचे पुण्य एकत्र सांगितले आहे. झाड, पाणी आणि वाटसरू हे तिघे तेथे वेगळे काढलेले नाहीत. अरण्य राखायचे ते माणूस वगळून नव्हे, हे आम्हाला पुस्तकात वाचून जेवढे कळले नव्हते तेवढे त्या कितुलखाली कळले.

परतीची वाट

परतताना पाऊस आला. फेब्रुवारी कोरडा म्हणतात तो त्यांच्या हिशेबाने. जळवा भराभर बाहेर आल्या. मुलीच्या मनगटावर एक लागली. ती रडली नाही, वहीत 'कूडॅल्ला' असा शब्द लिहून घेतला. अय्याने मीठ लावून जळू सोडवली. रक्त थोडा वेळ वाहते, कारण जळू रक्त गोठू न देणारा रस सोडते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

आई सगळ्यांत मागे चालत होती. अय्या तिच्या चालीने, "हेमिन, हेमिन" म्हणत, म्हणजे सावकाश, सावकाश. दोन्ही हात मोकळे सोडून, मान वर करून ती झाडांचे शेंडे पाहत होती. एका वळणावर थांबून ती आम्हाला म्हणाली, "डोक्यावर मोळी नसली म्हंजे जंगल किती उंच असते रे!"

आम्ही त्यावर काही बोललो नाही. पावसात बरेच वेळ उभे राहिलो.

जाणाऱ्यांसाठी चार शब्द

जाण्यास डिसेंबर ते मार्च किंवा ऑगस्ट-सप्टेंबर हा काळ बरा. व्हिसाचे नियम निघण्यापूर्वी तपासून घ्यावेत. कुडाव्याला आदल्या दिवशी मुक्कामाला पोचावे आणि सकाळी लवकर आत जावे. पक्षी सकाळी जास्त बोलतात. लहान मुले व वृद्ध असतील तर रुंद वाटेने संशोधन केंद्राच्या दिशेने जाऊन परत यावे. आम्हाला थांबत थांबत जाऊन-येऊन पाच तास लागले. सिंहगल किंवा मौलावेल्ला या टेकड्यांची चढण धडधाकट माणसांसाठीच. पूर्ण बाह्यांचे कपडे, जळवांचे मोजे, छत्री किंवा रेनकोट, पाणी, थोडे मीठ आणि कोरडे कपडे बरोबर ठेवावेत. शक्य असेल तर दुर्बीण न्यावी. वाटाड्याची फी ठरवताना घासाघीस करू नये. त्याच्या फीतच त्या अरण्याची राखण आहे.

सगळ्यांनाच श्रीलंकेला जाता येईल असे नाही, हे आम्ही जाणतो. आम्हालाही पाच वर्षे पैसे साठवावे लागले. परंतु ताडोबा आहे, नागझिरा आहे, आंबोली आहे. आपल्या घरात ज्या आज्या, ज्या माया उभ्या आयुष्यात फक्त मोळीसाठी जंगलात गेल्या, त्यांना एकदा रिकाम्या हातांनी तेथे घेऊन जा. मुलांनाही बरोबर घ्या. कोणते झाड कोणते, हे आजीला विचारा. तिला पुष्कळ ठाऊक असते. आजवर कुणी विचारलेले नसते, एवढेच.